बेचाळीस मीटरवरचा आवाज

रोजा फक्त पोटाचा नसतो, हे आमच्या घरांतून लहानपणीच कानावर पडते. जिभेचाही रोजा असतो. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, ज्याने दुसऱ्याचे नुकसान होईल असा शब्द तोंडातून काढू नये. दिवसभर पाण्यावाचून राहणे जमते, जिभेचा रोजा त्याहून अवघड जातो, हे रोजा धरणारा कोणीही कबूल करील. जिभेचे हे पथ्य एका धर्मापुरते नाही. चातुर्मासात मौन पाळणाऱ्या आजी आपल्या गावात आजही आहेत.

आज ज्यांची गोष्ट सांगायची त्या बाईंनी कधी रोजा धरला असेल असे वाटत नाही. गुजराती हिंदू घरात त्या जन्मल्या, मुंबईत वाढल्या आणि मुंबईतच गेल्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी, सरकारने बोलायला बंदी केली असताना, त्या सुमारे अडीच महिने रोज बोलल्या. मग त्याच सरकारने सहा महिने त्यांना बोलते करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी तोंड उघडले नाही. कधी बोलायचे आणि कधी गप्प राहायचे, हे त्यांना इतक्या लहान वयात नेमके कळले होते. त्यांचे नाव उषा मेहता.

२०२४ साली त्यांच्यावर ‘ऐ वतन मेरे वतन’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे नव्या पिढीला नाव तरी माहीत झाले. पण चित्रपट अटकेच्या आसपास संपतो. उषाबेन त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे जगल्या.

न्यायाधीशांची मुलगी

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावात झाला. वडील हरिप्रसाद हे इंग्रजी राजवटीत न्यायाधीश होते. म्हणजे घरात सरकारी पगार येत होता, सरकारी प्रतिष्ठा होती, आणि सरकारविरुद्ध काही बोलायची सोय नव्हती. अशा घरातल्या या मुलीने पाचव्या वर्षी अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिले. पुढे तिच्या गावाजवळ गांधीजींचे शिबिर भरले तेव्हा ती तिथे जाऊन बसली, थोडेफार सूतही कातले. लहान मुलांच्या मनावर एखादे माणूस असे काही ठसते की पुढचे सगळे आयुष्य त्याच वाटेने जाते. इथे तसेच झाले.

१९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध देशभर निदर्शने झाली. आठ वर्षांची उषा प्रभातफेरीत होती. त्या दिवसांतली एक हकिकत त्या म्हातारपणीही सांगत. मुलांच्या मोर्चावर पोलीस धावून आले, त्या धक्काबुक्कीत झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट पडली. मुले रडत घरी आली. झेंडा खाली पडला याचे त्यांना दुःख होते. यावर मोठ्यांनी तोड काढली ती अशी, की दुसऱ्या वेळी मुलांना झेंड्याच्या तीन रंगांचे कपडेच घालून पाठवले. काठी मारून मूल पाडता येईल, पण आता अंगावरचा झेंडा हिसकावायचा कसा? मुलेच झेंडा झाली होती.

वडिलांना हे पसंत नव्हते असे नाही, पण खुर्चीची अडचण होती. १९३० साली ते निवृत्त झाले आणि ती अडचण सरली. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले तेव्हा उषा बारा वर्षांची होती. मुंबई त्या वेळी सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत होती. शाळकरी वयाच्या मुलीवर कोणी संशय घेत नाही, याचा फायदा घेऊन ती चोरून छापलेली पत्रके वाटत असे, तुरुंगातल्या लोकांचे निरोप त्यांच्या घरी पोचवत असे. चंदारामजी हायस्कूलमधून मॅट्रिक, विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञानाची पदवी, तीही पहिल्या वर्गात, आणि मग कायद्याचा अभ्यास. वडिलांची मुलगी वडिलांच्याच वाटेने चालली आहे असे पाहणाऱ्याला वाटले असते. पण अंगावर खादीखेरीज दुसरे वस्त्र नाही आणि लग्न करायचे नाही, हे तिने आधीच ठरवून टाकले होते.

पुढारी आत, बातम्या बंद

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने चले जावचा ठराव केला. मुंबईचे महापौर त्या वेळी युसुफ मेहेरअली होते. या चळवळीला तिचे दोन शब्दांचे इंग्रजी नाव त्यांनीच सुचवले असे मानले जाते. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी पकडले गेले. सकाळी त्याच मैदानावर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि नंतरचे काही आठवडे देशभर काय चालले आहे हे कोणालाच धड कळेना.

हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण उषाबेनच्या कामाचे मोल त्यात आहे. वर्तमानपत्रांवर इतकी बंधने आली की काहींनी छापणेच थांबवले. ऑल इंडिया रेडिओ सरकारचा. ज्या हौशी लोकांकडे घरगुती प्रक्षेपणाचे परवाने होते, ते महायुद्ध सुरू होताच रद्द झालेले, यंत्रे जमा केलेली. कुठे गोळीबार झाला, किती माणसे गेली, कुठल्या गिरणीत संप आहे, हे शेजारच्या जिल्ह्यालाही समजत नव्हते. अशा वेळी माणूस एकटा पडतो. आपल्याच गावात काहीतरी झाले आणि आपल्याच गावात ते दडपले गेले असे त्याला वाटते, आणि तो गप्प बसतो.

काही तरुणांनी विचार केला. पत्रके छापावीत तर छापखाने पकडले जातात आणि पत्रक जाते किती दूर? रेडिओ मात्र भिंती ओलांडून जातो. उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि बाबूभाई खाकर ही त्यांतली मुख्य माणसे. अडचण पैशाची होती. नात्यातल्या एका बाईंनी आपले दागिने पुढे केले. उषाबेनना ते घेववेनात. शेवटी बाबूभाईंनी रक्कम उभी केली. एका जाणकार तंत्रज्ञाने प्रक्षेपक जुळवून दिला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी, ज्यांचे कर्णे काँग्रेसच्या सभांतून गाजत असत, त्यांनी सामग्रीची मदत केली.

त्या वर्षीचा रमजान

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा ऐकू आला. पहिला आवाज उषाबेनचा होता. हा रेडिओ काँग्रेसचा आहे, अमुक लहरीवर आहे आणि भारतातूनच कुठून तरी बोलतो आहे, एवढेच त्या सांगत. ते कुठून तरी म्हणजे चौपाटीवरच्या एका इमारतीतली भाड्याची खोली होती. सुरुवातीला दिवसातून दोनदा, हिंदुस्थानी आणि इंग्रजीत, कार्यक्रम होई. पुढे धोका वाढला तसा तो संध्याकाळी एकदाच, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान होऊ लागला. आरंभी इक्बाल यांचा तराना वाजे, अखेरीस वंदे मातरम्. आज या दोन गीतांवरून लोक हमरीतुमरीवर येतात. त्या एका तासात दोन्हींची तबकडी एकाच खोलीत, एकाच मुलीच्या हाताने लागत होती.

पंचांग उघडून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. १९४२ साली रमजानचा चाँद आणि गणपती एकाच आठवड्यात आले, सप्टेंबरच्या मध्यात. म्हणजे काँग्रेस रेडिओच्या कामातला मोठा काळ रमजानचा होता. भेंडीबाजारात इफ्तारची लगबग, गिरगावात आरतीची, आणि या दोन्हींच्या मधल्या कुठल्याशा इमारतीत पडदे ओढून बसलेली ही मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यास ईद झाली, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवाळी. सगळे सण त्यांनी पेटीत बसवलेल्या त्या यंत्राच्या सोबतीने काढले.

बोलणारे कोण होते हेही पाहावे. हिंदुस्थानीत उषाबेन, अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन आणि उर्दू पत्रकार मोईनुद्दीन हारिस. इंग्रजीत डॉ. राममनोहर लोहिया आणि कूमी दस्तूर. लोहियांना या रेडिओचा सुगावा लागताच ते स्वतः येऊन मिळाले, आणि नंतर बातम्या व भाषणांची बरीचशी बाजू त्यांनी सांभाळली. गुजराती, मराठी, मारवाडी, पारशी, मुसलमान, सिंधी अशी ही सगळी माणसे. त्यांना एकत्र आणण्यासाठी कोणी ऐक्य परिषद भरवली नव्हती. काम समोर होते, जो तो आपापले घेऊन बसला.

काम सोपे नव्हते. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत शहरभर फिरत. सरकार या लहरीवर खरखर सोडून आवाज बुडवण्याचा प्रयत्न करी. त्यामुळे जागा सतत बदलावी लागे. चौपाटीवरून लॅबर्नम रोड, तिथून सँडहर्स्ट रोड, मग गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला. प्रत्येक ठिकाणी यंत्र उचलायचे, नवी खोली नव्या सबबीवर भाड्याने घ्यायची, शेजाऱ्यांना शंका येऊ द्यायची नाही. पुढे त्यांनी भाषणे ध्वनिमुद्रित करण्याची जागा आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी केली, म्हणजे एक सापडली तरी दुसरी वाचावी. आज आपल्या खिशातला फोन उघडून कोणीही जगभर बोलतो. त्या वेळी एक वाक्य शेजारच्या प्रांतात पोचवायला इतका खटाटोप होता, म्हणून प्रत्येक वाक्य तोलून बोलले जाई.

आष्टी आणि चिमूर

या रेडिओने काय सांगितले, त्यातले एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोकांचे मोर्चे निघाले, गोळीबार झाला, लोक मेले. चिडलेल्या जमावाने सरकारी माणसे मारली. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर आले आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले ते लिहायलाही जड जाते. वर्तमानपत्रांना ते छापता येत नव्हते. पुढे सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी या बायकांसाठी उपोषणाला बसले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ अन्नावाचून राहिले, तर त्या उपोषणाची बातमी देण्यावरही बंदी आली.

चिमूरची हकिकत देशाला सांगणाऱ्यांत काँग्रेस रेडिओ पहिल्यांपैकी होता. जमशेदपूरच्या कामगारांचा संप आणि चितगावावरचा बॉम्बहल्ला याही बातम्या त्याने दिल्या. विदर्भातल्या एका लहानशा गावातल्या बायकांचे दुःख मुंबईतल्या खोलीत बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने माइकवर वाचले. त्या बायकांना ते कधी कळले की नाही कोण जाणे. पण आपल्यावर काय झाले हे कोणालाच माहीत नाही, ही जी अन्यायाची दुसरी बाजू असते, ती त्या संध्याकाळी थोडी कमी झाली.

इथे एक गाठ आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. गांधीजींना लपूनछपून केलेले काम मान्य नव्हते. १९४४ साली सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे या असाच सल्ला दिला. मग गांधीजींना आयुष्यभर गुरू मानणाऱ्या उषाबेननी गुप्त रेडिओ चालवला, हे कसे? शिवाय लोहियांच्या गटाची भाषा गांधीजींच्या भाषेहून अधिक तिखट होती. या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देण्यापेक्षा, पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा त्या कशा वागल्या ते पाहावे. त्या लपल्या होत्या त्या बातमी पोचावी म्हणून. स्वतःला वाचवायची पाळी आली तेव्हा त्या लपल्या नाहीत.

१२ नोव्हेंबरची संध्याकाळ

दिवाळी सरून दोनचार दिवस झाले होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी शिकागो रेडिओच्या जागेवर आणि बाबूभाईंच्या कचेरीवर छापे घातले. उषाबेन त्या वेळी बाबूभाईंच्या कचेरीतच होत्या. पोलिसांची नजर चुकवून त्यांनी महत्त्वाचे कागद बाहेर काढले आणि लोहिया व इतर मंडळी जिथे कार्यक्रमाची तयारी करीत होती तिथे जाऊन सावध केले. आता जाळे आवळत आले आहे हे सगळ्यांना दिसत होते. प्रश्न एकच उरला होता. आज संध्याकाळचा कार्यक्रम करायचा की नाही?

न करण्याला पुष्कळ कारणे होती. त्या शहरात त्यांना लपायला जागा होत्या. लोहिया आणि अच्युतराव भूमिगत राहिले, तशा त्याही राहू शकल्या असत्या. कोणी नावे ठेवली नसती. पण ठरल्या वेळेला आवाज आला नाही तर ऐकणाऱ्याला वाटेल की सरकारने तो बंद पाडला, आणि हे त्यांना होऊ द्यायचे नव्हते. त्या चंद्रकांत झवेरींबरोबर पॅराडाइज बंगल्यात गेल्या.

कार्यक्रम झाला. शेवटची तबकडी लागली, वंदे मातरम् सुरू झाले, आणि दारावर धडका बसू लागल्या. एकामागून एक तीन दरवाजे फोडून पोलीस आत आले, पन्नासएक शिपाई आणि वरचे अधिकारी. अधिकाऱ्याने तबकडी बंद करायला सांगितली. उषाबेननी नकार दिला. हे आमचे राष्ट्रगीत आहे, ते थांबणार नाही, तुम्हीही सावधान उभे राहा, अशा अर्थाचे त्या बोलल्या.

पोलिसांबरोबर त्यांचा तो तंत्रज्ञही होता, ज्याने यंत्र जुळवून दिले होते. आधी तो पकडला गेला होता आणि त्यानेच जागा दाखवली होती. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे. इथे ते लिहीत नाही. पोलीस कोठडीत त्याच्यावर काय गुदरले ते आपल्याला ठाऊक नाही, आणि आपण त्या जागी असतो तर काय केले असते याची ग्वाही कोणी द्यावी? उषाबेन मात्र पुढे सांगत की काँग्रेस रेडिओचे दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत चांगले, आणि सर्वांत वाईट क्षणही त्यातलाच, कारण दगा आपल्याच माणसाने दिला.

सहा महिन्यांचे मौन

आतापर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. याच्या पुढची मला अधिक मोलाची वाटते.

गुन्हे अन्वेषण विभागाने त्यांना सहा महिने एकांतात ठेवून चौकशी केली. पोलिसांना हवी होती ती नावे आणि ठिकाणे. पैसा कुठून आला, भाषणे कोण लिहीत होते, लोहिया कुठे आहेत, अच्युतराव कुठे आहेत. धाक दाखवून झाला. मग आमिष दाखवले गेले. सहकाऱ्यांची माहिती दिली तर परदेशात शिकायला पाठवू, असे सांगण्यात आले. कायद्याचे शिक्षण अर्धे टाकलेली, हुशार, न्यायाधीशांची मुलगी. आमिष नेमके जिथे लागावे तिथेच टाकले होते.

त्या बोलल्या नाहीत. एकही नाव नाही, एकही पत्ता नाही. १९४३ साली विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. तिथे त्यांनी न्यायाधीशांना एवढेच विचारले, की मला उत्तर देण्याचे बंधन आहे का. बंधन नाही असे समजल्यावर त्यांनी सांगितले की मग मी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देणार नाही, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही. न्यायाधीशाच्या घरात वाढलेल्या मुलीला कायदा कुठपर्यंत बोलायला लावू शकतो हे माहीत होते.

त्या मौनाचा परिणाम काय झाला ते तारखांवरून दिसते. लोहिया सापडले ते १९४४ च्या मे महिन्यात, म्हणजे दीड वर्षाने. अच्युतराव पटवर्धन तर सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. हे एकट्या उषाबेनमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण ज्या एका ठिकाणाहून सगळे धागे हाती आले असते, ते ठिकाण बंद राहिले.

खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष सजा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले. उषाबेनना पुण्याच्या येरवड्यात ठेवले. तिथे त्यांची प्रकृती ढासळली. उपचारासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणले तेव्हा एका आजारी मुलीच्या खाटेभोवती तीन-चार पोलीस दिवसरात्र पहारा देत. जरा बरे वाटताच पुन्हा येरवडा. १९४६ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांताचे गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते, त्यांच्या हुकमाने त्या सुटल्या. त्या सांगत की तुरुंगातून त्या आनंदाने आणि थोड्या अभिमानाने बाहेर पडल्या.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मात्र उषाबेन अंथरुणावर होत्या. दिल्लीच्या समारंभाला त्यांना जाता आले नाही. ज्या दिवसासाठी प्रकृती खर्ची घातली, तो दिवस प्रकृतीमुळेच दुरून पाहावा लागला. याबद्दल त्यांनी कधी तक्रारीचा सूर लावल्याचे वाचनात नाही.

नागरिकशास्त्राच्या बाई

सुटकेनंतर त्यांच्यापुढे अनेक वाटा होत्या. बेचाळीसच्या पुण्याईवर तिकीट मिळाले असते, पद मिळाले असते. पुष्कळांना मिळाले. उषाबेन पुन्हा पुस्तकांकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. व्याख्याता, मग प्राध्यापक, मग विभागप्रमुख. १९८० साली निवृत्त होईपर्यंत त्यांचा विभाग होता नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्राचा.

नागरिकशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतले वीस गुणांचे पातळ पुस्तक येते, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचे. पण राज्यघटना नुकतीच आली होती. कालपर्यंत जी माणसे प्रजा होती त्यांना आता नागरिक व्हायचे होते. हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, सरकार चुकले तर काय करायचे, हे शिकवायला कोणीतरी हवे होते. ज्या बाईंनी सरकारच्या कायद्याविरुद्ध रेडिओ चालवला आणि त्याच सरकारच्या न्यायालयात कायद्याची मर्यादा ओळखून मौन धरले, त्यांच्याहून हा विषय शिकवायला लायक कोण असणार? अडीच महिन्यांच्या आवाजापेक्षा हे तीस वर्षांचे शिकवणे मोठे, असे मला वाटते. माइकवरून ऐकणारे किती होते त्याची मोजदाद नाही, पण वर्गात बसून ऐकलेली मुले-मुली पुढे मुंबईच्या शाळा-कॉलेजांत, कचेऱ्यांत, संस्थांत कामाला लागली.

गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. तिथल्या गांधी संग्रहालयाचे आणि गांधी स्मारक निधीचे काम उषाबेननी पुढची अनेक वर्षे पाहिले, अध्यक्षपदही सांभाळले. योगायोग पाहा, बेचाळीस साली त्यांचा रेडिओ ज्या जागांतून फिरला त्यांतली एक याच रस्त्यावर होती. तरुणपणी जिथे दार लावून बोलत होत्या, तिथेच म्हातारपणी दार उघडे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला गांधी समजावून सांगत होत्या. राहणी तीच, खादीची आणि साधी. इंग्रजीत आणि गुजरातीत त्यांनी पुस्तके लिहिली. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

देशात जे चालले होते ते पाहून त्या समाधानी नव्हत्या. ज्या स्वातंत्र्यासाठी आम्ही झगडलो ते हे नव्हे, असे त्यांनी उघडपणे बोलून दाखवले. बोलायची वेळ आहे असे वाटले की त्या बोलत, समोर कोणाचे सरकार आहे हे न पाहता.

२००० सालचा ऑगस्ट उजाडला. दर वर्षीप्रमाणे ९ तारखेला ऑगस्ट क्रांती मैदानावर, म्हणजे जुन्या गवालिया टँकवर, कार्यक्रम होता. उषाबेनना ताप होता. तरी त्या गेल्या. घरी परतल्या त्या थकूनच, आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, शांतपणे गेल्या. वय ऐंशी.

आज आपल्या हातात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे प्रक्षेपण केंद्र आहे. गावात काही खुट्ट झाले की पाच मिनिटांत पाचशे फोनवर संदेश फिरतो, खरा की खोटा हे पाहायला कोणी थांबत नाही. कधी गणपतीत, कधी ईदला, अशा एका संदेशाने गाव पेटायची वेळ आल्याचे आपण पाहिले आहे. उषाबेनना एकेक बातमी मिळवायला माणूस पाठवावा लागे, आणि ती खोटी निघाली असती तर रेडिओची पत गेली असती. म्हणून त्या जपून बोलत. आणि ज्या शब्दाने दुसऱ्याचा गळा अडकेल, तो शब्द त्यांनी सहा महिन्यांच्या कोठडीतही काढला नाही.

रोजा धरणाऱ्याने आणि न धरणाऱ्यानेही पुढचा संदेश पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबावे. पडदे ओढलेल्या खोलीत माइकपुढे बसलेली ती बावीस वर्षांची मुलगी हे वाक्य वाचायला तयार झाली असती का, एवढे स्वतःला विचारावे.